हातचा: बेचाळीस पॉइंटांचा प्लॅन आणि पंचवीस पॉइंटांची टीम

या सॉफ्टवेअर टीमची स्क्रम मास्टर म्हणून, म्हणजे स्क्रम या पद्धतीने टीमचं काम सुरळीत चालेल हे पाहणारी म्हणून, मी काम हाती घेतलं, तेव्हा पहिल्याच प्लॅनिंगमध्ये एक शब्द कानावर पडला: हातचा. बेरीज करताना आपण हातचा एक धरतो, तसं मागच्या स्प्रिंटमध्ये (कामाच्या ठरावीक मुदतीच्या फेरीत) न संपलेल्या स्टोरींना, म्हणजे कामाच्या छोट्या तुकड्यांना, ही मंडळी ‘हातचा’ म्हणत. ‘हातचे किती?’ असं कुणीतरी विचारायचं, कुणीतरी ‘सहा’ म्हणायचं आणि त्या सहा स्टोरी नव्या यादीत सगळ्यांत वर जाऊन बसायच्या. यात कुणालाच काही खटकत नव्हतं. मला सगळ्यांत जास्त काळजी त्याचीच वाटली.

टीम नवखी नव्हती. पाच डेव्हलपर, दोन टेस्टर आणि कोणतं काम आधी हे ठरवणारी एक प्रॉडक्ट ओनर. काम बिलिंग सॉफ्टवेअरचं: ग्राहक कंपन्यांची बिलं तयार करायची आणि वसुलीचा हिशेब ठेवायचा. सॉफ्टवेअर बाजारात होतं, रोज वापरलं जात होतं आणि त्याच वेळी त्यात मोठी नवी भर घालायची होती. स्प्रिंट दोन आठवड्यांचा, म्हणजे कामाचे दहा दिवस. स्टँडअप (रोजची छोटी बैठक), रिव्ह्यू (झालेलं काम दाखवणं), रेट्रो (स्प्रिंट कसा गेला यावरची चर्चा) सगळं वेळच्या वेळी होत असे. बाहेरून पाहणाऱ्याला ही शिस्तीची टीम वाटली असती, आणि ती तशी होतीही.

आधीच्या सहा स्प्रिंटचे आकडे मी काढले. प्लॅन केलेले पॉइंट (पॉइंट म्हणजे स्टोरी किती मोठी याचा अंदाजाने दिलेला आकडा): ४२, ४०, ४४, ४१, ४५, ४३. खरोखर पूर्ण झालेले: २४, २७, २१, २९, २२, २६. एकूण २५५ पैकी १४९, म्हणजे दर स्प्रिंटला सरासरी २५ च्या आतबाहेर. टीमच्या अहवालात चित्र बरंच बरं दिसत होतं, कारण अर्धवट स्टोरीचे पॉइंट तोडून मोजायची पद्धत पडली होती. आठ पॉइंटांची स्टोरी राहिली की ‘सहा झाले, दोन उरले’ असं लिहायचं. ते उरलेले दोन कधीच दोनाचे नसत. टेस्टिंग, त्यातून निघालेले बग आणि त्यांची दुरुस्ती हे सगळं त्या दोनांत कोंबलेलं असे.

४२ हा आकडा आला कुठून, हे मी बऱ्याच जणांना विचारलं. नक्की कुणालाच सांगता येईना. शेवटी सगळ्यांत जुन्या डेव्हलपरने आठवून सांगितलं, की कधीतरी ‘सात माणसं, प्रत्येकी सहा’ असा हिशेब मांडला गेला होता. पुढे तो हिशेब सगळे विसरले आणि आकडा तेवढा राहिला.

आधी चुकीच्या जागी खणलं

पहिलं निदान मीच केलं आणि ते चुकलं. मला वाटलं, अंदाज कच्चे आहेत. म्हणून पुढचे दोन स्प्रिंट आम्ही अंदाज सुधारण्यात घातले. प्लॅनिंग पोकर, म्हणजे सगळ्यांनी एकाच वेळी पत्ते दाखवून स्टोरीचा अंदाज सांगायची रीत, नीट खेळायला लागलो. तुलनेसाठी नमुन्याच्या स्टोरी ठरवल्या: ही दोनाची, ही पाचाची, ही आठाची. प्रत्येक स्टोरीवर चर्चा वाढली आणि दोन तासांची प्लॅनिंग मीटिंग जवळजवळ चार तासांवर गेली. पूर्ण झालेले पॉइंट आले २५ आणि २२.

आपलं काम कधी संपेल हे सांगताना माणूस का चुकतो, यावर जुना अभ्यास आहे. डॅनिएल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये या चुकीला ‘प्लॅनिंग फॅलसी’ असं नाव दिलं. पुढे १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना त्यांचा प्रबंध किती दिवसांत पूर्ण होईल हे विचारलं गेलं. त्यांचा सरासरी अंदाज होता सुमारे ३४ दिवस, प्रत्यक्षात लागले सुमारे ५५. सगळं बिघडलं तर किती लागतील, या प्रश्नाला त्यांनी सरासरी ४९ च्या आसपास उत्तर दिलं होतं. म्हणजे वाईटात वाईट धरलेला अंदाजही कमीच पडला. समोरच्या कामाचा विचार करताना आपण त्या कामाची वाटचाल डोळ्यांसमोर आणतो: आधी हे करीन, मग ते. अशीच कामं मागे किती दिवस चालली होती, याकडे आपण वळूनही पाहत नाही. आमचं चार तासांचं प्लॅनिंग नेमकं हेच होतं. नव्या स्टोरींची वाटचाल आम्ही अधिकाधिक बारकाईने रंगवत होतो आणि मागच्या सहा स्प्रिंटचे आकडे फाइलमध्ये पडून होते.

दोन स्प्रिंट गेल्यावर एका टेस्टरने रेट्रोमध्ये सहज एक वाक्य टाकलं: ‘स्टोरी किती मोठी हे आपण बघतोय, पण तिच्यासाठी दिवस किती आहेत हे कुठे बघतोय?’ तिथून दिशा बदलली.

दिवस जातात कुठे

पुढच्या स्प्रिंटमध्ये एक साधी नोंद ठेवली. रोज निघताना प्रत्येकाने भिंतीवरच्या तक्त्यावर आपल्या दिवसाच्या दोन अर्ध्यांसाठी दोन खुणा करायच्या: हा अर्धा दिवस कशात गेला? नाव लिहायचं नाही, फक्त रकाना. नाव न लिहिण्याचा आग्रह माझा होता. कामाचे तास मोजले जाताहेत अशी नुसती शंका आली, तरी माणसं खरं लिहीत नाहीत, आणि त्यात त्यांची चूक नसते.

सात माणसं, दहा दिवस, एकूण ७० दिवस. शेवटी बेरीज अशी आली: रजा ५ दिवस. प्लॅनिंग, रिव्ह्यू, रेट्रो, स्टँडअप आणि विभागाच्या इतर मीटिंगा मिळून साडेदहा. प्रॉडक्शनमधले, म्हणजे ग्राहक वापरत असलेल्या सॉफ्टवेअरमधले, इश्यू आणि ग्राहकांचे प्रश्न १३. दुसऱ्या टीमांना केलेली मदत ४. रिलीजची (नवी आवृत्ती ग्राहकांना देण्याची) तयारी आणि रिग्रेशन टेस्टिंग, म्हणजे जुनं काही बिघडलं नाही ना ही तपासणी, साडेसात. उरले ३०. स्प्रिंटमध्ये घेतलेल्या स्टोरींसाठी मिळाले ते हे ३० दिवस. त्या ३० दिवसांत २४ पॉइंट पूर्ण झाले.

तक्ता पाहून खोलीत कुणी काही बोललं नाही. मग एक जण म्हणाला, ‘म्हणजे आपण कामचुकार नाही आहोत.’ त्या वाक्याने मला फार वाईट वाटलं. सलग आठ-नऊ स्प्रिंट अपुरे राहिले की चांगली माणसंही स्वतःबद्दल तसं मानू लागतात. कुणी तोंडावर म्हणायची गरज पडत नाही.

ही ७० मधली ३० ची गोष्ट अनेक टीमांमध्ये थोड्याफार फरकाने असतेच. जे काम बोर्डवर, म्हणजे स्प्रिंटची कामं रकान्यांत मांडलेल्या फलकावर, नाही ते प्लॅनमध्ये नाही, पण दिवस मात्र ते खातंच. प्रॉडक्शनचा इश्यू आला की तो आधी सोडवावा लागतो. त्याचं तिकीट (कामाची नोंद) कधी काढलं जातं, कधी नाही. दुसऱ्या टीममधला कुणी ‘पाच मिनिटं आहेत का?’ म्हणून येतो आणि अर्धी दुपार जाते. यातलं काहीच फालतू नव्हतं. फक्त ते आम्ही कधी मोजलं नव्हतं.

आठव्या दिवशी भरणारी रांग

दुसरी गोष्ट बोर्डच्या इतिहासातून निघाली आणि माझ्या मते ती पहिलीपेक्षाही महत्त्वाची होती. न संपलेल्या स्टोरी शेवटच्या दिवशी कोणत्या रकान्यात होत्या, ते पाहिलं. मागच्या तीन स्प्रिंटमधल्या १७ हातच्यांपैकी १२ ‘टेस्टिंगसाठी तयार’ या रकान्यात अडकल्या होत्या. म्हणजे डेव्हलपरच्या दृष्टीने त्या झाल्या होत्या. त्या तिथे पोहोचत होत्या आठव्या-नवव्या दिवशी, सगळ्या एकदम, आणि समोर दोनच टेस्टर.

कारण साधं होतं. स्प्रिंट सुरू झाला की पाचही डेव्हलपर आपापल्या स्टोरी उघडत. कुठे अडलं की दुसरी उघडत. मधल्या कोणत्याही दिवशी बोर्डवर ११ स्टोरी सुरू असत आणि एका स्प्रिंटमध्ये ७ पूर्ण होत. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये रांगांबद्दलचा एक नियम सिद्ध केला. त्यानुसार सुरू असलेल्या कामांच्या संख्येला पूर्ण होण्याच्या वेगाने भागलं की एका कामाला लागणारा सरासरी वेळ मिळतो. ११ भागिले ७, म्हणजे दीड स्प्रिंटहून थोडं जास्त, कामाचे साधारण १६ दिवस. आमचा स्प्रिंट होता १० दिवसांचा. अंदाज कितीही नेमके केले असते तरी सरासरी स्टोरी स्प्रिंटमध्ये मावणारच नव्हती.

टेस्टरना ‘भरपूर काम द्या’ ही मागणीही याच गाठीतली. कामं अनियमित येतात आणि प्रत्येकाला लागणारा वेळही कमीजास्त असतो, तेव्हा रांगेच्या सगळ्यांत सोप्या गणितात, काम करणारा ८० टक्के व्यस्त असेल तर एका कामाला सरासरी चार कामांच्या वेळेइतकं थांबावं लागतं. ९० टक्क्यांना नऊ, ९५ ला एकोणीस. प्रत्येक माणूस काठोकाठ भरलेला असला पाहिजे हा हिशेब वरून कार्यक्षम दिसतो, पण काम त्यात रांगेत उभं राहतं. हे गणित मी टीमपुढे मांडलं तेव्हा दोन्ही टेस्टर एकमेकांकडे बघून हसले. त्यांना ते केव्हाच कळलं होतं, फक्त त्याला आकडे नव्हते.

प्लॅनिंगची उलटी सुरुवात

नवं प्लॅनिंग स्टोरींपासून सुरू केलंच नाही. आधी कॅलेंडर. कोण कधी रजेवर आहे, रिलीज कुठल्या दिवशी आहे. त्या वेळी हिशेब असा झाला: ७० दिवसांतून रजेचे ३ वजा, मीटिंगचे ९ (दोन मीटिंगा बंद केल्या होत्या), रिलीज आणि रिग्रेशनचे ७, इतरांच्या मदतीचे ४. प्रॉडक्शनच्या कामासाठी एक डेव्हलपर पूर्ण स्प्रिंट बाजूला ठेवला. त्याला आम्ही ‘पाळीवरचा’ म्हणू लागलो. त्याचे १०. मागच्या वेळी हे काम १३ दिवसांचं निघालं होतं, म्हणून वरचे ३ मोकळे सोडले. उरले ३४ दिवस.

३० दिवसांत २४ पॉइंट, तर ३४ दिवसांत २७, असं त्रैराशिक कुणीतरी लगेच मांडलं. ते मी पडताळ्यापुरतं ठेवलं. पॉइंट आणि दिवस यांचं पक्कं कोष्टक बनवलं की महिन्याभरात पॉइंट म्हणजे नाव बदललेले दिवस होतात. मुख्य आधार धरला तो एक्स्ट्रीम प्रोग्रामिंग या सॉफ्टवेअर बनवण्याच्या पद्धतीतल्या ‘कालचं हवामान’ या जुन्या रीतीचा: मागे जितकं खरोखर पूर्ण झालं, तितकंच पुढच्या वेळी धरायचं. मागचे तीन आकडे २५, २२, २४. सरासरी २४ च्या जवळ. दोन हिशेबांतला लहान आकडा घेतला: २४. आणि अर्धवट स्टोरीचे पॉइंट तोडणं बंद. स्टोरी ज्या स्प्रिंटमध्ये पूर्ण होईल, त्याच स्प्रिंटमध्ये तिचे सगळे पॉइंट.

बाकीचे बदल बोर्डवरचे. पाच पॉइंटांहून मोठी स्टोरी स्प्रिंटमध्ये घ्यायची नाही, ती आधी कापायची. कापायची कशी यावर खूप वाद झाले. डेटाबेसचा भाग एक स्टोरी, स्क्रीनचा भाग दुसरी, असं आडवं कापलं तर टेस्टिंग पुन्हा शेवटीच येतं. उभं कापलं, म्हणजे ‘एकाच प्रकारच्या बिलासाठी, पण वरपासून खालपर्यंत’, तर तिसऱ्या दिवशी टेस्टरच्या हाती काहीतरी पडतं. हे अंगवळणी पडायला तीन स्प्रिंट लागले. शिवाय टेस्टिंगसकट एका वेळी सहाच स्टोरी सुरू. रकाना भरला तर डेव्हलपरने नवी स्टोरी उघडायची नाही. टेस्टरना विचारायचं, ‘काय मदत करू?’ सगळ्यांत जास्त विरोध या नियमाला झाला. टेस्टिंग करणं काही डेव्हलपरना कमीपणाचं वाटत होतं. मी त्यांच्याशी बोलले, पण खरा फरक पडला तो सगळ्यांत अनुभवी डेव्हलपर स्वतः टेस्टरशेजारी जाऊन बसला तेव्हा.

प्रॉडक्ट ओनरशी झालेलं बोलणं

इथे मला सगळ्यांत जास्त धीर गोळा करावा लागला. नव्या भागाचं बॅकलॉग, म्हणजे करायच्या कामांची यादी, १८० पॉइंटांचं होतं. ४५ ने भागून तिने वरच्यांना ‘चार स्प्रिंट’ सांगून टाकलं होतं. मी तिला सहा स्प्रिंटचे खरे आकडे दाखवले. सगळ्यांत चांगला स्प्रिंट २९ चा, सगळ्यांत कमी २१ चा. १८० ला या दोघांनी भागलं की सात ते नऊ स्प्रिंट निघतात. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘हे मला तीन महिन्यांपूर्वी का नाही सांगितलंस?’ मी तेव्हा टीममध्ये नव्हते, पण तसं म्हणणं मला रास्त वाटलं नाही. आकडे तेव्हाही होतेच. टीममधल्या कुणीतरी ते तिच्यापर्यंत न्यायला हवे होते.

दुसऱ्या दिवशी ती यादी घेऊन आली. चार स्प्रिंटांत ९६ च्या आसपास जागा असेल, हे धरून तिने पहिल्या रिलीजसाठी ८८ पॉइंट निवडले होते. ज्या ग्राहकांना नवा भाग सर्वांत आधी हवा होता, त्यांचं काम तेवढ्यात चालणार होतं. उरलेलं नंतर. स्टोरींचा क्रम इतका स्पष्ट याआधी कधीच नव्हता. सगळंच चार स्प्रिंटांत होणार असं मानलं जात होतं, तोवर क्रम लावायची गरजच कुणाला पडली नव्हती.

विभागप्रमुखांचं म्हणणं वेगळं पडलं. ४२ वरून २४? ‘तुम्ही हातचं राखून प्लॅन करताय,’ ते म्हणाले. टीमचा तो ‘हातचा’ शब्द त्यांना माहीतही नव्हता. जितका वेळ द्याल तितकं काम पसरतं, हा १९५५ पासून पार्किन्सनच्या नावाने ओळखला जाणारा नियम त्यांनी ऐकवला. शंका अगदी निराधार नव्हती, म्हणून तिच्यावर उपाय ठेवला: २४ पॉइंट लवकर संपले, तर क्रमाने पुढची स्टोरी उचलायची, कुणाला विचारायची गरज नाही. स्क्रम गाइड या स्क्रमच्या अधिकृत पुस्तिकेने २०११ मध्येच टीमच्या निवडीला ‘कमिटमेंट’ऐवजी (बांधिलकीऐवजी) ‘फोरकास्ट’ (अंदाज) म्हणायला सुरुवात केली, हेही मी सांगितलं. २०२० च्या आवृत्तीत बांधिलकी आहे ती स्प्रिंट गोलशी, म्हणजे स्प्रिंटच्या उद्दिष्टाशी. स्टोरी पॉइंट आणि व्हेलॉसिटी (दर स्प्रिंटला पूर्ण होणारे पॉइंट) हे शब्द तर त्या गाइडमध्ये नाहीतच. त्यांना हे पटलं का, सांगता येत नाही. चार स्प्रिंट बघू, असं ते म्हणाले.

चार स्प्रिंट

पहिलाच फसला. तिसऱ्या दिवशी प्रॉडक्शनमध्ये मोठा बिघाड झाला, पाळीवरच्याबरोबर आणखी दोघे तीन दिवस त्यात अडकले. २४ पैकी १९. प्लॅन कमी करूनही पूर्ण झाला नाही, हे ऐकून घ्यावं लागलं. एक गोष्ट मात्र वेगळी होती. पाचव्या दिवशीच प्रॉडक्ट ओनरला कळलं होतं की कोणती स्टोरी राहणार, आणि ती कोणती हे तिनेच ठरवलं. दुसऱ्या स्प्रिंटमध्ये २४ संपले आणि वरची तीनाची एक उचलली: २७. तिसऱ्यात २५ पैकी २५. चौथ्यात २६ धरले होते, एक जण आजारी पडला: २३.

बेरीज ९४. स्प्रिंटमागे साडेतेवीस. म्हणजे टीमचा वेग वाढलेला नाही, उलट आधीच्या सरासरीपेक्षा किंचित कमीच आहे. हे मी अहवालात पहिल्याच परिच्छेदात लिहिलं, कारण वास्तव प्लॅनिंगने टीम वेगवान होते असा समज या क्षेत्रात फार पसरला आहे आणि तो खरा नाही. प्लॅन कमी केल्याने दिवस वाढत नाहीत. बदललं ते हे: हातचे सहावरून एक-दोनावर आले. स्प्रिंटला नऊ स्टोरी पूर्ण होऊ लागल्या. त्या लहान होत्या, आणि सुरू झालेली स्टोरी सरासरी सात दिवसांत संपत होती. शेवटच्या दोन दिवसांची रात्रपाळी थांबली. ८८ पॉइंटांचं पहिलं रिलीज ठरलेल्या वेळी गेलं.

प्रॉडक्शनच्या १३ दिवसांचा तक्ता भिंतीवर राहिल्याने आणखी एक गोष्ट घडली. पाळीवरच्याने नोंदी पाहून सांगितलं, की यातला मोठा हिस्सा एकाच दोषाचा आहे. कराची रक्कम दोन ठिकाणी वेगवेगळी राउंड होत होती, ग्राहकाच्या बेरजेत पैशांचा फरक पडत होता आणि दर वेळी कुणीतरी हाताने तो फरक दुरुस्त करत होतं. वर्षभर सगळ्यांना हा दोष माहीत होता, पण दर वेळी तो वेगळ्या माणसाकडे जात असल्याने त्याचं एकूण वजन कुणाच्याच हातावर आलं नव्हतं. ८८ च्या वर उरलेल्या जागेत त्याची पक्की दुरुस्ती बसवली. पुढच्या दोन स्प्रिंटमध्ये प्रॉडक्शनचं काम आठ दिवसांवर आलं. वेग वाढणार असेल तर तो अशा कामातून वाढेल.

दोन गोष्टी अजून सुटलेल्या नाहीत. पाळीवर कुणीही असो, वसुलीच्या भागातला प्रश्न आला की शेवटी त्याच एका अनुभवी डेव्हलपरकडे जातो. तो भाग दुसऱ्या कुणाला शिकवायला वेगळे दिवस काढावे लागतील आणि ते अजून काढलेले नाहीत. दुसरं म्हणजे, विभागात आता इतर टीमांच्या व्हेलॉसिटीशी आमची तुलना सुरू झाली आहे. ती थांबली नाही, तर पाचाची स्टोरी आठाची व्हायला वेळ लागणार नाही, आणि मग ‘कालचं हवामान’ बघायला जो एकमेव खरा आकडा हाती आहे तोही जाईल. याबद्दल मी विभागप्रमुखांशी दोनदा बोलले आहे, तिसऱ्यांदाही बोलणार आहे.

मागच्या सोमवारचं प्लॅनिंग दीड तासात संपलं. दोघे जण रजेवर जाणार होते. मी कॅलेंडर उघडेपर्यंत प्रॉडक्ट ओनरने दिवस मोजले होते आणि यादीत २१ वर रेघ ओढली होती. रेघेखाली गेलेल्या दोन्ही स्टोरी तिला मनापासून हव्या होत्या. त्यांतली एक टेस्टरने उचलून पुन्हा वाचली आणि विचारलं, ‘ही उभी कापली, तर यातला पहिला तुकडा बसेल का?’ आणि दोघी बोर्डकडे वळल्या.